बुरशीची दोन रूपे आणि शर्करेची साखळी

ग्वाल्हेर शहरात रेल्वे स्टेशनजवळ पडाव नावाची वस्ती आहे. पडाव म्हणजे मुक्काम, तळ. सैन्याच्या मुक्कामाची ही भाषा या शहराला नवी नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. कूच करणारी फौज आणि तळ देऊन राहिलेली फौज, माणसे तीच असतात. परंतु कूच चालू असताना ती लांबच लांब रांगेत दिसतात आणि तळ पडला की सुट्यासुट्या राहुट्यांत विखुरतात. दुरून पाहणाऱ्या एखाद्याने एकदा रांग पाहिली आणि एकदा राहुट्या पाहिल्या, तर त्याला या दोन निराळ्या फौजा वाटल्या तरी नवल नाही.

बुरशीच्या अभ्यासात शास्त्रज्ञांची अशीच फसगत पुष्कळ वर्षे होत आली. शिळ्या भाकरीवर चढणारी पांढरी लव सर्वांच्या परिचयाची आहे. ती सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिली म्हणजे लांब, फांद्या फुटलेल्या तंतूंचे जाळे दिसते. उलट पाव फुगविणारे यीस्ट पाहिले तर त्यात सुटे, गोलसर, अंगाला कोंब फुटून वाढणारे कण दिसतात. यीस्ट हीही एक बुरशीच आहे. परंतु कित्येक बुरशा अशा आहेत की त्या परिस्थिती पाहून कधी तंतूचे रूप घेतात, तर कधी यीस्टचे. या रूपबदलाचा संबंध बुरशी जी शर्करेची लांब साखळी तयार करते तिच्याशी काय आहे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ पंडितांच्या कुतूहलाचा वाटेल. तथापि २०२१ च्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरपासून पुण्यापर्यंत अनेक घरांना त्याची झळ लागली.

शर्करेची साखळी म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे. ग्लुकोजसारख्या साध्या शर्करेचे शेकडो-हजारो कण एकमेकांस जोडले गेले की जो पदार्थ होतो त्याला बहुशर्करा म्हणतात. तांदळातील पिष्ट ही बहुशर्करा आहे आणि कापसातील सेल्युलोज हीही बहुशर्कराच आहे. कण एकच, ग्लुकोज. पण जोडणीची तऱ्हा निराळी, म्हणून एक पदार्थ पोटात पचतो आणि दुसऱ्याचे धोतर विणता येते.

बुरशीला स्वतःची अशी एक बहुशर्करा आहे, हे प्रथम १८११ साली समजले. फ्रान्समधील नान्सी या गावी आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने भूछत्रे क्षारात उकळली, तेव्हा न विरघळणारा एक चिवट अंश मागे उरला. त्याला त्याने फंगिन असे नाव दिले. पुढे १८२३ मध्ये ओदिये या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाला भुंगेऱ्याच्या पाठीवरील कठीण पंखांत तसाच पदार्थ सापडला. अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्याचे नाव कायटिन ठेवले आणि तेच रूढ झाले. १८५९ साली रूजे याने कायटिन तीव्र क्षारात उकळून त्यापासून अम्लात विरघळणारा एक पदार्थ मिळविला. १८९४ मध्ये होप्पे-सायलर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला कायटोसान म्हटले. कायटिनच्या कणाकणात नत्राचा अंश असतो. पिष्टात किंवा सेल्युलोजमध्ये तो नसतो. ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

अशा रीतीने बुरशीचा अंगरखा कशाचा आहे ते समजले. पण अंगरखा आणि अंगाचा आकार यांचा काही संबंध असेल, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात आला नाही. आकारासंबंधीचा वाद वेगळ्याच दिशेने चालला होता. १८५७ साली बाइल या जर्मन संशोधकाने म्यूकर जातीची बुरशी द्रवात बुडाली असता तिचे तंतू तुटून यीस्टसारखे गोल कण होतात असे दाखविले. यावरून काही जणांनी घाईने असे अनुमान काढले की मद्य आंबविणारे यीस्ट ही कोणत्यातरी सामान्य बुरशीचीच एक अवस्था आहे. जाती म्हणून काही पक्के नाहीच. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बीअरवरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा नीट उलगडा केला. एकाच बुरशीचे निर्भेळ बीज घेऊन त्याने प्रयोग केले. हवा तुटली की म्यूकर गोल कणांचे रूप घेते आणि शर्करेपासून मद्यार्क करू लागते. हवा मिळाली की ती पुन्हा तंतूंनी वाढते. ती मद्याचे खरे यीस्ट मात्र कधीही होत नाही. जात पक्की असते, रूप बदलते आणि ते माघारीही फिरते, हा पाश्चरचा निष्कर्ष पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला.

या धड्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९०५ च्या सुमारास पनामा येथे सॅम्युएल डार्लिंग या डॉक्टरला मृत रोग्यांच्या पेशींत बारीक गोल जंतू आढळले. काळा आजाराच्या जंतूंसारखे ते प्राणिजातीचे असावेत असे समजून त्याने त्यांना हिस्टोप्लाझ्मा हे नाव दिले. ती बुरशी असावी असा तर्क १९१२ साली झाला. परंतु रोग्याच्या शरीरातील गोल कण प्रयोगशाळेत तंतू होऊन वाढतात, हे डीमॉनब्रून याने सिद्ध करण्यास १९३४ साल उजाडले. डार्लिंगचे निरीक्षण खोटे नव्हते. त्याने फौजेच्या राहुट्या पाहिल्या होत्या, रांग पाहिली नव्हती. ही बुरशी मातीत असताना तंतुरूप असते आणि माणसाच्या शरीराच्या उष्णतामानात, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, यीस्टचे रूप घेते. पुढे असे दिसून आले की यीस्टरूप घेताना ती आपल्या भिंतीवर अल्फा ग्लुकान नावाच्या बहुशर्करेचा एक थर चढविते. शरीरातील संरक्षक पेशी ज्या खुणेवरून बुरशी ओळखतात, ती खूण या थराखाली झाकली जाते. हे २००७ साली अमेरिकेत प्रयोगाने दाखविण्यात आले. येथे रूप, शर्करा आणि रोग ही तिन्ही एकाच ठिकाणी येतात.

आता दुसऱ्या एका बुरशीकडे वळू. पाश्चरच्याच काळात, १८६६ साली, अंतोन दे बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांच्या पानांवर, फळांवर आणि दमट जागी वाढणारी एक बुरशी वर्णिली. तिचे आजचे नाव ऑरिओबेसिडियम पुल्युलान्स असे आहे. जुनी झाली की ती काळी पडते, म्हणून तिला काळे यीस्ट असेही म्हणतात. तिची रूपे दोन नाहीत, अनेक आहेत. त्यांत यीस्टसारखे लहान कण, फुगलेल्या मोठ्या पेशी, जाड भिंतीची विश्रामी बीजुके आणि तंतू अशी सर्व मंडळी एकाच भांड्यात नांदतात. ती ज्या द्रवात वाढते तो द्रव काकवीसारखा दाट होतो, त्याला तार सुटते. हा चिकट पदार्थ १९३८ मध्ये बाउअर याच्या नजरेस आला. १९५८ साली बर्निएर याने तो वेगळा काढला आणि १९५९ साली बेंडर, लेमान व वालेनफेल्स या जर्मन संशोधकांनी त्याची घडण अभ्यासून त्याला पुल्युलान हे नाव दिले. ग्लुकोजचे तीन तीन कण एका तऱ्हेने जोडलेले आणि असे तिळे दुसऱ्या तऱ्हेने एकमेकांत गुंफलेले, अशी ही साखळी आहे. जपानमध्ये ओकायामा येथील हायाशिबारा कंपनीने १९७६ साली तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. तिचे पातळ, पारदर्शक पापुद्रे होतात, त्यांतून प्राणवायू सहसा आरपार जात नाही आणि ते खाताही येतात. औषधाच्या कॅप्सूलचे कवच सामान्यतः प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. पुल्युलानपासून होणाऱ्या कवचात प्राणिज अंश नसतो.

व्यापार सुरू झाला आणि जुना प्रश्न व्यवहाराचा होऊन पुढे आला. भांड्यात रूपे अनेक. मग पुल्युलान नेमके तयार करते कोण? ज्याला उत्पादन वाढवायचे, त्याने कोणत्या रूपाची वाढ होऊ द्यावी? १९८० साली ब्रिटनमधील कॅटली याने आपल्या मोजमापावरून असे मांडले की हे काम यीस्टसारख्या सुट्या कणांचे आहे. हे मत बरीच वर्षे प्रमाण मानले गेले. परंतु १९९३ मध्ये फ्रान्समधील सिमाँ व त्यांचे सहकारी यांनी वेगळेच चित्र पुढे ठेवले. त्यांच्या मते पुल्युलानचे खरे उत्पादक फुगलेल्या पेशी आणि जाड भिंतीची बीजुके हे होत. २००४ साली ऑस्ट्रेलियातील कॅम्बेल, सेव्हिअर आदी संशोधकांनी पुन्हा हाच प्रश्न तपासला आणि त्यांचाही कौल फुगलेल्या पेशी व बीजुके यांच्याच बाजूने पडला.

इतक्या हुशार माणसांची मते एकमेकांशी का जुळू नयेत? कारण भांड्यातील रूपांचे मिश्रण रोज बदलत असते. द्रवाची आम्लता, शर्करेचे प्रमाण आणि नत्राचा साठा यांबरोबर रूपेही बदलतात आणि पुल्युलानचे प्रमाणही बदलते. द्रवातील नत्र संपत आले म्हणजे पुल्युलान जोमाने तयार होऊ लागते. कारण उघड आहे: त्यात नत्र लागत नाही. नव्या पेशी घडविण्यास नत्र हवे, ते नसेल तर उरलेली शर्करा साखळीत गुंफली जाते. अशा वेळी एखादे रूप संख्येने अधिक दिसले, तर तेच उत्पादक आहे की केवळ त्याच वेळी हजर आहे, हे ठरविणे कठीण असते. शाळेच्या आवारात आरडाओरडा झाला आणि मास्तर बाहेर आले तेव्हा जो मुलगा समोर उभा होता तोच अपराधी, असे म्हणण्यासारखे ते होईल.

पुल्युलान बुरशीच्या भिंतीबाहेर टाकले जाते. त्यामुळे तेथे रूप आणि शर्करा यांचा संबंध शोधावा लागतो. कायटिन मात्र भिंतीतच असते, म्हणून त्याच्या बाबतीत हा संबंध अधिक स्पष्ट दिसतो. साल्वादोर बार्तनिकी-गार्सिया या मेक्सिकोत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने पाश्चरचीच म्यूकर बुरशी पुन्हा हाती घेतली. १९६२ मध्ये निकरसन यांच्यासह त्याने दाखविले की प्राणवायू नसताना कर्बद्विप्राणिद वायूच्या सान्निध्यात म्यूकर यीस्टचे रूप घेते. दोन्ही रूपांच्या भिंती त्याने तपासल्या. तंतूच्या भिंतीत सुमारे एक तृतीयांश कायटोसान आणि जवळपास एक दशांश कायटिन आढळले. यीस्टरूपातही ही प्रमाणे फारशी निराळी नव्हती. मात्र मॅनोज ही शर्करा यीस्टरूपाच्या भिंतीत पाचपटींहून अधिक होती.

म्हणजे द्रव्य बहुतांशी तेच. मग आकार का बदलतो? याचे उत्तर १९६९ साली मिळाले. बार्तनिकी-गार्सिया व लिपमान यांनी कायटिनच्या कच्च्या मालावर किरणोत्सर्गी खूण केली आणि नवी भिंत कोठे बांधली जाते ते पाहिले. तंतूत ती केवळ टोकाशी बांधली जात होती, म्हणून तंतू लांब होत जातो. यीस्टरूपात ती सर्व अंगभर सारखी पसरत होती, म्हणून कण गोल राहतो. गवंड्याजवळ विटा त्याच असल्या, तरी एका टोकाला रचीत गेला तर भिंत लांबते आणि सभोवार रचीत गेला तर विहिरीचे कठडे होते. रूप आणि शर्करा यांतले आधीचे कोण, हा प्रश्नच त्यामुळे काहीसा फिका पडला. शर्करेची साखळी कोठे आणि किती वेगाने घातली जाते, यातूनच रूप घडते.

या इतिहासातील पुढचे पान महाराष्ट्रात लिहिले गेले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. उद्योगाला उपयोगी अशा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून तेथे जतन केला जात आहे. याच संस्थेत एम. सी. श्रीनिवासन, मुकुंद देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी ही बुरशी अभ्यासाला घेतली. ही म्यूकरच्याच गणातली आहे. पण ती माणसाला रोग करीत नाही, म्हणून प्रयोगशाळेत हाताळण्यास सोयीची. तिचे रूप उष्णतामान आणि ग्लुकोज यांवर फिरते. ३७ अंशाला ग्लुकोज दिले की ती यीस्ट होते, २८ अंशाला ग्लुकोज काढून घेतले की तंतू फुटतात.

पुण्याच्या संशोधकांनी एक चतुर युक्ती योजली. रूप बदलण्याची ताकद गमावलेले, कायम यीस्टच राहणारे प्रकार त्यांनी या बुरशीतून वेगळे काढले आणि १९९० साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बदलणारी मूळ बुरशी आणि न बदलणारी तिची भावंडे शेजारी ठेवली म्हणजे फरक कोठे आहे ते शोधता येते. १९९२ मधील लेखात त्यांनी ग्लुटामेट डीहायड्रोजिनेज या विकराकडे लक्ष वेधले. पेशीतील नत्र आणि कर्ब यांची जेथे गाठ पडते, तेथे हे विकर काम करते. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्या दोघांचे परस्परप्रमाण बुरशीच्या दोन रूपांत निराळे असते, असे त्यांना आढळले.

येथे मागे ध्यानात ठेवलेली गोष्ट उपयोगी पडते. कायटिनच्या प्रत्येक कणात नत्र असते आणि ते ग्लुटामेटपासून होणाऱ्या ग्लुटामीनमधून येते. नत्राच्या या हिशेबावर भिंतीचा माल अवलंबून, आणि भिंतीच्या बांधणीवर रूप अवलंबून. काळ्या यीस्टच्या भांड्यात नत्र संपले की पुल्युलान वाढते, आणि पुण्याच्या बुरशीत नत्राचा हिशेब बदलला की रूप फिरते. दोन दूरच्या प्रयोगशाळांतल्या या गोष्टी अशा एकमेकींजवळ येतात.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट ओसरू लागली, तोच म्यूकरमायकोसिस या रोगाने डोके वर काढले. बातम्यांनी त्याला काळी बुरशी म्हटले. वास्तविक ही बुरशी काळी नसते. तिने रक्तवाहिन्या बुजविल्यावर मेलेला भाग काळा पडतो. मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रोग्यांच्या नाकातून ती डोळ्यांपर्यंत, कित्येकदा मेंदूपर्यंत पोहोचली. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले आणि जूनअखेर देशात चाळीस हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले. कोणाचा जबडा काढावा लागला, कोणाचा डोळा.

बुरशीविरुद्धची औषधे नव्हती असे नाही. २००१ पासून वापरात आलेले कॅस्पोफंजिन आणि त्याच्या जातीची औषधे भिंतीतील बीटा ग्लुकान या बहुशर्करेचे उत्पादन थांबवितात. कॅन्डिडासारख्या बुरशीवर ती गुणकारी आहेत. परंतु म्यूकरच्या गणाची भिंत मुख्यतः कायटिन-कायटोसानची. त्यामुळे एकट्याने दिलेले हे औषध तेथे उपयोगी पडत नाही. सारा भार १९५० च्या दशकात शोधल्या गेलेल्या अँफोटेरिसिन-बी या औषधावर पडला. ते भिंतीवर नव्हे तर तिच्या आतील पडद्यावर घाव घालते. त्याची टंचाई पडली आणि एकेका कुपीसाठी आप्तेष्ट गावोगाव फिरले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास याच कुळातील हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

माणसाच्या शरीरात कायटिन नाही. म्हणून कायटिनची बांधणी रोखणारे औषध बुरशीला मारील आणि रोग्याला राखील, अशी आशा वाजवी आहे. १९६० च्या दशकात जपानी संशोधकांनी शोधलेले पॉलिऑक्सिन हे याच तत्त्वावर चालते आणि भाताच्या रोगावर शेतात वापरले जाते. माणसासाठी तसे औषध रुग्णालयापर्यंत आणण्याचे काम मात्र कष्टाचे ठरले आहे. ज्या बुरशीचे रूप आणि भिंत हवी तेव्हा फिरविता येते, अशी निरुपद्रवी म्यूकरवर्गीय बुरशी अशा शोधासाठी हाताशी असणे मोलाचे आहे. पुण्याच्या कामाचे महत्त्व येथे आहे. ते सुरू झाले तेव्हा २०२१ ची साथ कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

ब्राकोनोने भूछत्रे उकळली, बाइलने बुडालेली बुरशी पाहिली, दे बारीने पानांवरची काळी लव वर्णिली, तेव्हा त्यांपैकी कोणाला रोग्यांची आठवण नव्हती. तरीही त्यांनी पाहिले ते नीट पाहिले आणि नोंदून ठेवले. पुढच्यांचे जेथे चुकले, तेथे बहुधा एकच रूप पाहून निवाडा दिल्यामुळे चुकले. पडावावर थांबलेल्या फौजेचा अंदाज घ्यायचा तर ती कूच करतानाही पाहावी लागते, हे ग्वाल्हेरच्या जुन्या माणसांना कोणी सांगावे लागले नसते. बुरशीच्या अभ्यासकांना ते शिकण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि त्या शिक्षणाचा उपयोग रोग्याच्या उशापाशी होण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.